परस्परसंबंधित टेबलांची रचना

डेटाबेसमध्ये प्रत्येक गोष्टीची माहिती एकाच टेबलात नोंदवून इतर टेबलांत तिचा केवळ क्रमांक ठेवण्याची पद्धत. मूळ नोंद ओळखणारा क्रमांक म्हणजे प्रायमरी की. दुसऱ्या टेबलातून तिच्याकडे निर्देश करणारा रकाना म्हणजे फॉरेन की. ही मांडणी आयबीएममधील एडगर कॉड यांनी १९७० च्या निबंधात केली. फॉरेन की ही संज्ञा त्याच निबंधातली असली, तरी डेटाबेसशी बोलण्याची भाषा असलेल्या एसक्यूएलच्या प्रमाणकात तिला जागा मिळायला १९८९ उजाडले.

सयाजीराव गायकवाडांनी १९१० मध्ये अमेरिकन ग्रंथपाल विल्यम बॉर्डन यांना बोलावून बडोदे संस्थानात सार्वजनिक ग्रंथालयांची घडी बसवली; म्हणून बडोद्यात उदाहरण ग्रंथालयाचेच घेणे बरे. पुस्तके, प्रती, सभासद आणि देवघेव अशी चार टेबले लागतात. नवखा रचनाकार प्रतींचे टेबल गाळतो आणि तिथेच फसतो: वाचक घरी नेतो ती विशिष्ट दाखल क्रमांकाची प्रत, म्हणून देवघेवीची नोंद पुस्तकाशी नव्हे, प्रतीशी जोडायची. सभासदाचे नावही की म्हणून चालत नाही. बडोद्याच्या दांडिया बाजारात एकाच आडनावाचे आणि आद्याक्षरांचे दोघे सहज निघतात, शिवाय तेच नाव एका अर्जावर मराठीत तर दुसऱ्यावर गुजरातीत लिहिलेले असते.

खरी अडचण दोन टेबले एकमेकांकडे निर्देश करतात तेव्हा येते. प्रत्येक कर्मचारी एका शाखेत, आणि प्रत्येक शाखेला त्यातलाच एक प्रमुख. दोन्ही रकाने सक्तीचे ठेवले तर पहिली नोंद घालताच येत नाही. म्हणून प्रमुखाचा रकाना रिकामा ठेवून शाखा नोंदवतात, मग कर्मचारी, आणि शेवटी प्रमुख भरतात. पोस्टग्रेएसक्यूएल आणि ओरॅकल या डेटाबेस प्रणालींमध्ये फॉरेन कीची तपासणी व्यवहार (एकत्र केलेल्या बदलांचा संच) पुरा होईपर्यंत लांबवता येते. मायएसक्यूएलमध्ये ती सोय नाही. एवढे करूनही दुसऱ्याच शाखेचा माणूस प्रमुख म्हणून बसू शकतो, कारण साधी फॉरेन की तो कर्मचारी अस्तित्वात आहे इतकेच पाहते. त्यासाठी शाखा आणि कर्मचारी हे दोन्ही क्रमांक मिळून जोड-की करावी लागते. त्यापेक्षा ‘कधीपासून, कधीपर्यंत’ हे रकाने असलेले नेमणुकांचे तिसरे टेबल केव्हाही चांगले; वर्तुळ सुटते आणि आधीचे प्रमुख कोण होते तेही राहते.

नोंद पुसताना काय व्हावे, हेही रचनेतच ठरते: मनाई, रकाना रिकामा करणे, किंवा अवलंबून असलेल्या नोंदीही पुसणे. शेवटचा पर्याय देवघेवीला लावला, तर सभासदत्व सोडणाऱ्याबरोबर त्याच्या वाचनाचा सारा इतिहास जातो. एसक्यूलाइटमध्ये फॉरेन कीची तपासणी सहसा मुळातच बंद असते, ती प्रत्येक जोडणीला चालू करावी लागते. पोस्टग्रेएसक्यूएल तपासणी करते, पण निर्देश करणाऱ्या रकान्यावर इंडेक्स (शोध जलद करणारी सूची) आपोआप बनवत नाही. मायएसक्यूएलचे इनोडीबी हे साठवण-इंजिन बनवते.