ऐतिहासिक वास्तूंचे जतन व लोकवापर, ग्रामीण विदर्भातील

जुनी देवळे, मठ, बारव, गढ्या, वाडे व वसाहतकालीन इमारती पडू न देता गावाच्या चालू व्यवहारात राखणे आणि गरजेप्रमाणे त्यांत फेरफार करणे. संग्रहालय म्हणून कुलूपबंद केलेल्या वास्तू या नोंदीत अभिप्रेत नाहीत. आंतरराष्ट्रीय पातळीवर १९७९च्या बुरा सनदेने (ऑस्ट्रेलियात ठरलेली वारसा-जतनाची तत्त्वे) वापरातील बदल हा संवर्धनाचाच एक भाग मानला. भारतात वारसा-जतनासाठी काम करणाऱ्या इंटॅक या संस्थेच्या २००४च्या सनदेने पारंपरिक कारागिरांच्या हातचा जीर्णोद्धार त्याच चौकटीत आणला. विदर्भातील खेड्यांत ही गोष्ट कागदावर येण्याच्या कितीतरी आधीपासून चालत आली आहे.

वास्तूंचे स्वरूप दगडमातीवर ठरले. वऱ्हाडात काळा बेसाल्ट मुबलक, म्हणून लोणारचे दैत्यसूदन मंदिर किंवा बार्शीटाकळीचे कालिका मंदिर त्यात घडले. पूर्वेकडे वैनगंगेच्या खोऱ्यात मार्कंडा येथील मंदिरसमूह वालुकाश्मात आहे. घरे मात्र सर्वत्र मातीची, वर धाबे (मातीचे सपाट छप्पर) किंवा कवेलू (भाजलेली कौले). काळी जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळे तीवरचा पाया हलतो. जुनी वस्ती पांढरीवर, म्हणजे गावठाणाच्या पांढऱ्या मातीच्या जमिनीवर, असण्यामागे इतर कारणांबरोबर हेही एक कारण असावे. गावातल्या जुन्या इमारतीशेजारी काळ्या जमिनीवर नवी खोली जोडली की दोन बांधकामांच्या सांध्यात तडा जातो, तो याचमुळे.

कालनिर्णयाचा वाद : पश्चिम विदर्भातील बहुतेक दगडी देवळांना ‘हेमाडपंती’ म्हणतात व त्यांचे श्रेय यादवांचा मंत्री हेमाद्री याला देतात. हेमाद्री महादेव व रामचंद्र या यादव राजांच्या पदरी, म्हणजे सु. १२६० नंतरचा. बार्शीटाकळीच्या शिलालेखात शके १०९८ (इ.स. ११७६) हा काल आहे. तेव्हा निदान हे मंदिर हेमाद्रीच्या आधीचे ठरते. मार्कंडा त्याहूनही जुने असावे. पुरातत्त्वज्ञ कनिंगहॅमने १८७३-७४ च्या सुमारास या समूहाची पाहणी केली होती. समूहातील मुख्य मंदिर सर्वसाधारणपणे दहाव्या ते बाराव्या शतकांच्या दरम्यान ठेवतात, मात्र शैलीवरून लावलेला काल शिलालेखाइतका पक्का धरता येत नाही. दर्यापूर तालुक्यातील महिमापूरच्या सात मजली पायविहिरीबाबतही असेच मतभेद आहेत. काहींच्या मते ती यादवकालीन, तर कमानींवरून काही जण ती बहमनी किंवा इमादशाही, म्हणजे यादवांनंतरच्या सुलतानी काळातील मानतात. कमानींचा पुरावा अधिक वजनदार वाटतो, अर्थात मूळ विहीर जुनी व कमानी नंतरच्या ही शक्यता उरतेच. हेमाद्रीने काही देवळांचा जीर्णोद्धार करवला असेल, पण दगडी म्हणून सरसकट त्याचे, हे मत आता फारसे कोणी धरत नाही.

हा वाद केवळ विद्वानांपुरता नाही, कारण कोणता भाग कोणत्या काळचा यावर दुरुस्ती ठरते. मार्कंडा येथील मुख्य मंदिरावर अठराव्या शतकात वीज पडल्याचे सांगतात. त्यापुढची डागडुजी चांद्याच्या (चंद्रपूरच्या) गोंड राजांच्या नावे सांगितली जाते. पडझड थोपवण्यासाठी दिलेले ओबडधोबड आधार आजच्या संवर्धकापुढे पेच टाकतात. ते काढावेत, की तेही इतिहासाचा भाग म्हणून राखावेत? महाशिवरात्रीच्या यात्रेतील गर्दीला मंडप सुरक्षित हवा असतो. केंद्रीय पुरातत्त्व विभागाने अलीकडे दगडांना क्रमांक देऊन ते उतरवण्याची व पुन्हा रचण्याची पद्धत येथे वापरली आहे.

चुना, सिमेंट व माती : ‘हेमाडपंती’ बांधणीत दगड बहुतांशी चुन्याविना, खाचा, कुसू व स्वतःच्या वजनावर बसवलेले असतात. कुठे कुठे लोखंडी चापही आढळतात. सांध्यात सिमेंट भरले की भिंतीच्या पोटातल्या भरावात शिरलेले पाणी बाहेर पडायला वाट राहत नाही. लोखंड गंजून फुगते आणि दगडाच्या कडा फुटतात. देवस्थान समित्या हौसेने लावतात तो तैलरंग, गाभाऱ्यातल्या टाइल्स व ग्रॅनाइट यांचा परिणाम याच जातीचा. चुनखडी भाजून घाणीवर (चुना दळण्याच्या दगडी चाकावर) मळलेला चुना, त्यात गूळ, बेलफळ, हिरडा यांचे पाणी, हे मिश्रण दुरुस्तीला अजूनही सर्वांत विश्वासू समजले जाते. अडचण आहे ती घाणी चालवणारा गवंडी मिळण्याची.

मातीच्या भिंतीचे सूत्र वेगळे. तिला दरवर्षी छाबावे (मातीने लिंपावे) लागते, उघड्या भागावर शेणामातीचा पोतारा द्यावा लागतो, धाब्यावर पांढरी माती टाकून पाणी ओसरेल असा उतार काढावा लागतो. जेठात हे काम चुकले तर आषाढात भिंत ओली होऊन तळाशी सुटते. त्यावर सिमेंटचा गिलावा दिला की तो वर्षा-दोन वर्षांत फुगतो आणि पडताना मातीचा थरही सोबत घेऊन पडतो. वाडा ‘पक्का’ करण्याच्या नादात तो गमावल्याची उदाहरणे खेड्यांत पुष्कळ. गढ्यांची गत त्याहून वाईट, कारण जुन्या वस्तीची पांढरी माती धाब्यासाठी व शेतात खत म्हणून खोदून नेण्याची चाल जुनीच. गढी पडली की तिचा ढिगारा गावाच्याच कामी लागतो.

कायदा : १९०४च्या कायद्याची जागा १९५८च्या प्राचीन स्मारके अधिनियमाने घेतली, महाराष्ट्राचा स्वतंत्र अधिनियम १९६०चा. केंद्रीय अधिनियमानुसार पूजास्थान असलेल्या संरक्षित स्मारकाचा वापर त्याच्या स्वरूपाशी विसंगत हेतूने करता येत नाही. म्हणजे चालू पूजा थांबवणे हा संरक्षणाचा हेतू नव्हे. २०१० च्या दुरुस्तीने केंद्रीय स्मारकाभोवती १०० मी. प्रतिबंधित व पुढील २०० मी. नियंत्रित क्षेत्र ठरले. जेथे देऊळ गावठाणाच्या मधोमध आहे तेथे शेजाऱ्याला घरकुलाची नवी भिंत उभारता येत नाही, जुन्या घराच्या दुरुस्तीलाही परवानगी लागते, आणि मग स्मारकाविषयी गावाच्या मनात अढी बसते. सिंदखेडराजा येथील लखुजी जाधवांच्या राजवाड्याभोवती १२ जानेवारीच्या जिजाऊ जयंतीला लोटणारी गर्दी पाहता, संरक्षण आणि लोकवापर एकत्र नांदू शकतात हेही खरे. फक्त त्या एका दिवसासाठीची सोय आणि बाकी वर्षाची देखभाल हे दोन वेगळे हिशेब आहेत.

वापर बदललेल्या वास्तू : सर्वांत बोलके उदाहरण सेवाग्रामचे. १९३६ मध्ये गांधीजी सेगावी (सेवाग्रामचे जुने नाव) राहायला आल्यावर आधी आदि निवास उभे राहिले. आज बापूकुटी म्हणून ओळखली जाणारी कुटी मुळात गांधीजींच्या शिष्या मीराबेन यांची, पुढे ती वाढवून गांधीजींसाठी वापरात आणली गेली. माती, बांबू, कवेलू यांची ही बांधणी टिकली आहे ती नेमाने होणाऱ्या लिपणामुळे. सुटलेला बांबू बदलला जातो, आकार तोच राहतो. मूळ द्रव्य फारसे उरले नाही तरी वास्तू अस्सल कशी, असा प्रश्न दगडी स्मारकांच्या अभ्यासकांना पडतो. मातीच्या घरात वाढलेल्यांना तो पडत नाही. धाम नदीकाठी पवनार येथे जमनालाल बजाज यांच्या बंगल्यात १९३८ साली विनोबा आले व त्याचे परंधाम आश्रमात रूपांतर झाले. १९५९ मध्ये तेथे ब्रह्मविद्या मंदिर सुरू झाले. त्या परिसरात खणताना वाकाटककालीन शिल्पे निघाली, ती तेथेच राखली आहेत. वर्ध्याचे ग्रामोपयोगी विज्ञान केंद्र (स्थापना १९७६) मातीच्या बांधकामात व कवेलूंच्या सुधारणेत काम करत आले आहे.

पूर्व विदर्भातील मालगुजारी (गावाचा सारा गोळा करणाऱ्या जमीनदारांची पद्धत) ३१ मार्च १९५१ रोजी संपली. वऱ्हाडात ती नव्हतीच, तेथे रयतवारी (शेतकऱ्याने थेट सरकारला सारा भरण्याची पद्धत) व पाटील-देशमुखांचे वाडे. उत्पन्न गेल्यावर मोठ्या वाड्यांचे भाग शाळेला, दवाखान्याला, धान्य साठवायला दिले गेले. वारसांच्या वाटण्या झाल्यावर सामाईक दिवाणखान्याची दुरुस्ती कुणी करायची हे ठरत नाही, आणि सागवानी खांब-तुळया जुन्या लाकडाच्या व्यापाऱ्याकडे जातात. राज्याच्या महाराष्ट्र वैभव संगोपन योजनेचा उपयोग राज्य संरक्षित स्मारकांपुरता असल्याने असंरक्षित वाडे तिच्या कक्षेबाहेर राहतात.

कापसाच्या जुन्या जिनिंग कारखान्यांत व यवतमाळ–मूर्तिजापूर–अचलपूर या अरुंदमापी ‘शकुंतला’ मार्गावरील स्थानकांत लोकोपयोगी वापराला वाव आहे.