अफोर्डन्स आणि सिग्निफायर: झाकण उघडता येणं वेगळं, कसं उघडायचं ते कळणं वेगळं

"या बटणाला जरा अफोर्डन्स द्या." हे वाक्य ऐकलं की मी बोलणाऱ्याला तिथेच अडवते. अफोर्डन्स म्हणजे एखाद्या वस्तूचं माणसाला काय करता येतं, ती शक्यता. टचस्क्रीनवर बोट कुठेही टेकवता येतं, बटण असो वा नसो. सावली, उठावदार कडा, रंग यांनी फक्त एवढंच कळतं की बोट इथे टेकवायचं. ही खूण झाली, म्हणजे सिग्निफायर.

अफोर्डन्स हा शब्द मानसशास्त्रज्ञ जेम्स गिब्सन यांचा. डोनाल्ड नॉर्मन यांनी १९८८च्या पुस्तकातून तो डिझाइनमध्ये आणला आणि पुढे त्याचा इतका घोळ झाला की २०१३च्या सुधारित आवृत्तीत त्यांना सिग्निफायर वेगळा काढून दाखवावा लागला. तरी घोळ चालूच आहे.

अडतं ते इथे: अफोर्डन्स वस्तूत नसतो, वस्तू आणि माणूस यांच्यातल्या नात्यात असतो. औषधाच्या बाटलीचं दाबून फिरवायचं झाकण घ्या. मोठ्यांना ते उघडता यावं, लहान मुलांना येऊ नये, अशीच त्याची रचना. झाकण एकच, पण एकासाठी अफोर्डन्स आहे आणि दुसऱ्यासाठी नाही. आता त्यावरच्या सूचना बघा. पांढऱ्या प्लास्टिकवर पांढरेच उठावाचे बाण, उजेडात तिरकं धरल्याशिवाय दिसत नाहीत. माणूस न दाबता फिरवतो आणि बाहेरचं टोपण कटकट करत नुसतं फिरत राहतं. हाताने उघडता येतंय, पण दाबायचं हे कळत नाही. इथे बाणांना गडद रंग दिला की काम झालं. पण संधिवाताने बोटं आखडली असतील, तर बाण लाल करा नाहीतर चौपट मोठे करा, झाकण उघडणार नाही. तिथे झाकणच बदलायला हवं. निदान चुकलं की उपाय चुकतो, म्हणून मी या शब्दांवर एवढी अडून बसते.

बाकी फरक किरकोळ आहेत. सिग्निफायर डोळ्यांनाच दिसावा असं नाही, हाताला लागला किंवा कानाला ऐकू आला तरी चालतो. तो मुद्दाम केलेलाही असावा लागत नाही. गवतातली मळलेली पायवाट कुणी आखलेली नसते.

आणि तो खोटाही असू शकतो. ढकलायच्या दाराला ओढायची उभी मूठ लावतात, वर "ढकला" अशी चिठ्ठी चिकटवतात. हात मुठीचंच ऐकतो. चिठ्ठी नको, मूठ काढा आणि तिथे सपाट पत्रा बसवा.