ख्रिस्ती ईश्वरविज्ञानाचे पदव्युत्तर शिक्षण (खानदेशाच्या संदर्भात)

पवित्र शास्त्र, ख्रिस्ती सिद्धांत, मंडळीचा (चर्चचा) इतिहास, पाळकीय (पास्टरची) सेवा आणि मिशन या विषयांचे पदवीनंतरचे पद्धतशीर अध्ययन. खानदेशातील (जळगाव, धुळे, नंदुरबार) विद्यार्थी त्यासाठी मुख्यतः पुणे, जबलपूर व बंगळूर येथील सेमिनऱ्यांत (पाळक घडवणाऱ्या संस्थांत) जातात. शिक्षण व परीक्षा बहुधा इंग्रजीत होतात, तर पुढची सेवा मराठी, अहिराणी, मावची, वसावी किंवा पावरीत करावी लागते. या शिक्षणातील बऱ्याच अडचणींचे मूळ या अंतरात आहे.

संज्ञा : ‘थिऑलॉजी’ला मराठीत धर्मशास्त्र, ब्रह्मविद्या, ईशज्ञान, ईश्वरविज्ञान असे पर्याय वापरले गेले. धर्मशास्त्र हा शब्द आचार, व्यवहार व प्रायश्चित्त सांगणाऱ्या हिंदू ग्रंथपरंपरेसाठी रूढ आहे आणि ब्रह्मविद्येला वेदान्ताचा संदर्भ चिकटलेला आहे. त्यामुळे येथे ईश्वरविज्ञान हीच संज्ञा स्वीकारली आहे, जरी सेमिनरीच्या आवारात सगळे ‘थिऑलॉजी’च म्हणतात. ‘मिनिस्ट्री’ला सेवा हा शब्द चपखल बसतो, कारण ग्रीक ‘डियाकोनिया’चा अर्थही मुळात जेवण वाढण्याचा, सेवा करण्याचाच. ‘मिशन’ मात्र मराठीत जसाच्या तसा राहिला. सुवार्ताप्रसार हा त्याचा एक भाग आहे, पर्याय नव्हे. देवाने जगात चालवलेले कार्य हेच मूळ मिशन आणि मंडळी त्यात केवळ सहभागी होते, ही ‘मिस्सिओ देई’ची (लॅटिन, ‘देवाचे मिशन’) मांडणी जर्मनीतील विलिंगेन येथे १९५२ मध्ये झालेल्या मिशन परिषदेनंतर रूढ झाली. तेव्हापासून दवाखाना, शाळा, पाण्याची सोय ही कामे ‘मिशनला जोडून’ की ‘मिशनच’, हा वाद अभ्यासक्रमात कायमचा आला.

पदवीच्या पातळीचा वाद : बी.डी. (बॅचलर ऑफ डिव्हिनिटी) ही पदवी पदव्युत्तर मानावी की नाही, याबद्दल एकमत नाही. नावात ‘बॅचलर’ असले तरी ब्रिटिश परंपरेत ती आधीच्या पदवीनंतर घेण्याची पदवी होती. अमेरिकेत तिचेच नामांतर एम.डिव्ह. (मास्टर ऑफ डिव्हिनिटी) असे झाले. भारतात या पदव्या देणाऱ्या सेरामपूर महाविद्यालयाच्या सिनेटने जुने नाव ठेवले, आणि एशिया थिऑलॉजिकल असोसिएशनशी (स्थापना १९७०) संलग्न संस्थांनी एम.डिव्ह. स्वीकारले. परिणामी बी.ए.नंतर चार वर्षे बी.डी. केलेला पाळक कागदोपत्री दोनदा ‘बॅचलर’ होतो, तर बी.ए.नंतर तीन वर्षे एम.डिव्ह. करणारा ‘मास्टर’. बारावीनंतर पाच वर्षांची बी.डी.ही असल्याने गुंता आणखी वाढतो. पदवीचे नाव बाजूला ठेवून प्रवेशाची अट पाहणे अधिक सयुक्तिक वाटते : पदवीधरासाठी बी.डी. ही दुसरी व्यावसायिक पदवी आणि एम.टीएच. (मास्टर ऑफ थिऑलॉजी) ही सर्वमान्य पदव्युत्तर पदवी होय. सिनेटची एम.टीएच. दोन वर्षांची असून बी.डी.त चांगली श्रेणी असल्याशिवाय तिला प्रवेश मिळत नाही.

सेरामपूर हे गाव हुगळीकाठी आहे. बंगालीत त्याला श्रीरामपूर म्हणतात, त्यामुळे प्रमाणपत्र पाहणाऱ्या कारकुनाचा ते अहिल्यानगर जिल्ह्यातले श्रीरामपूर आहे असा समज होऊ शकतो. कॅरी, मार्शमन व वॉर्ड या बॅप्टिस्ट मिशनऱ्यांनी १८१८ मध्ये तेथे महाविद्यालय काढले. गाव तेव्हा डेन्मार्कच्या ताब्यात होते, म्हणून पदवी देण्याचा अधिकार डेन्मार्कच्या राजाच्या १८२७ च्या सनदेतून आला. तो प्रत्यक्षात बी.डी. देण्यासाठी वापरला गेला १९१५ मध्ये, आणि १९१८ च्या सेरामपूर कॉलेज कायद्याने सिनेटची रचना ठरली. पदवीची मान्यता तपासताना ही सनद आणि हा कायदा अशी दोन कागदपत्रे पाहावी लागतात. इतर विद्यापीठात पीएच.डी.साठी ही पदवी चालेल का, हे त्या विद्यापीठाकडून प्रवेशाआधी लेखी घेतलेले बरे. तोंडी ‘चालेल’वर विसंबू नये.

खानदेशातील पूर्वपीठिका : १९०६ मध्ये खानदेश जिल्ह्याचे पूर्व व पश्चिम असे भाग पडले, आणि प्रोटेस्टंट मिशनांची वाटणीही ढोबळमानाने त्याच रेषेत दिसते. पूर्वेकडे, भुसावळसारख्या रेल्वेच्या गावी, ख्रिश्चन अँड मिशनरी अलायन्सचे काम होते आणि त्याचा ओढा वऱ्हाडाकडे होता. पश्चिमेकडे, नवापूर-नंदुरबार-साक्रीच्या पट्ट्यात, स्कँडिनेव्हियन मिशनांचे. फ्रेडरिक फ्रान्सन (१८५२–१९०८) यांनी १८९० मध्ये अमेरिकेत स्थापलेले स्कँडिनेव्हियन अलायन्स मिशन १९४९ पासून द इव्हॅन्जेलिकल अलायन्स मिशन या नावाने ओळखले जाते. स्वीडिश अलायन्स मिशन ही स्वतंत्र संस्था, मात्र दोन्हींच्या नावांतील साधर्म्यामुळे मराठी लेखनात त्यांची सरमिसळ वारंवार होते.

आरंभाचे वर्ष कोणते, यावरचा वाद बऱ्याच अंशी शब्दांचा आहे. मिशनरी पोचला ते वर्ष, पहिला बाप्तिस्मा झाला ते, प्रार्थनामंदिर उभे राहिले ते आणि मंडळीची संस्था म्हणून नोंद झाली ते, अशी चार वर्षे एकाच गावाबाबत सापडू शकतात. स्मरणिकांत त्यांपैकी सर्वांत जुने वर्ष उचलले जाते. वार्षिक अहवाल देणगीदारांसाठी लिहिलेले असल्याने त्यांत पोचण्याच्या वर्षाला महत्त्व असते, बाप्तिस्म्याच्या नोंदवहीत अर्थातच दुसऱ्या. एम.टीएच.च्या प्रबंधात नोंदवही व अहवाल समोरासमोर ठेवावेत. दोन्ही जुळले नाहीत तर नोंदवहीकडे झुकते माप देणे योग्य ठरते. नोंदवहीतही बाप्तिस्म्याच्या वेळी बदललेले नाव आणि गावात चालणारे नाव वेगळे असते, याकडे लक्ष हवे.

या मिशनांच्या मंडळ्यांना उच्च शिक्षणाची वाट सापडली ती यवतमाळमध्ये. फ्री मेथडिस्ट मिशनने १९३० च्या दशकाच्या अखेरीस तेथे सुरू केलेली बायबल शाळा १९५३ मध्ये अनेक मिशनांच्या सहकार्याने युनियन बिब्लिकल सेमिनरी झाली आणि १९८३ मध्ये पुण्याच्या बिबवेवाडीत आली. जबलपूरच्या लिओनार्ड थिऑलॉजिकल कॉलेजला भुसावळहून थेट रेल्वेमार्ग आहे. नवापूरच्या विद्यार्थ्यापुढे गुजरातीतून शिकण्याचाही पर्याय असतो. तेथील रेल्वे स्थानकच अर्धे महाराष्ट्रात आणि अर्धे गुजरातेत आहे.

प्रवेश : गुणपत्रिकांइतकेच वजन मंडळीच्या शिफारसपत्राला असते. पाळकाचे पत्र, सभासदत्वाचा व बाप्तिस्म्याचा दाखला, वैद्यकीय तपासणी, प्रवेश परीक्षा व मुलाखत असा साधारण क्रम असतो. कोणती संस्था खर्च उचलणार, हेही आधीच विचारले जाते. जात-प्रमाणपत्राबाबत घोटाळा होतो. १९५० च्या अनुसूचित जमाती आदेशात धर्माची अट नाही, त्यामुळे ख्रिस्ती मावची वा पावरा विद्यार्थ्याचा दाखला धर्मावरून बाद होत नाही. अनुसूचित जातींच्या आदेशात ती अट आहे. दोन्हींचे नियम एकच समजून शिष्यवृत्तीचा अर्ज भरला की तो परत येतो.

शाखा व भाषा : एम.टीएच.च्या प्रमुख शाखा जुना करार, नवा करार, ख्रिस्ती ईश्वरविज्ञान, ख्रिस्ती धर्माचा इतिहास, ख्रिस्ती सेवा, मिशनशास्त्र, धर्मांचा अभ्यास, नीतिशास्त्र या होत. जुन्या कराराला हिब्रू आणि नव्याला ग्रीक अटळ. हिब्रूची २२ व्यंजने उजवीकडून डावीकडे शिकायला महिनाभर पुरतो. दम निघतो तो क्रियापदांत. देवनागरी वाचणाऱ्याला स्वरचिन्हांची कल्पना परकी नसते, कारण अक्षराखाली-वर लागणारे चिन्ह म्हणजे मात्राच. दोन सत्रांत कमावलेले ग्रीक सुटीच्या दोन महिन्यांत विसरते, म्हणून रोज पाच-सहा ओव्या (बायबलची वचने) मूळातून वाचण्याचा शिरस्ता मोडू नये.

भाषा कशासाठी, हे योहानाच्या शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात दिसते. आठव्या ओवीतील ‘प्नेउमा’ या एकाच ग्रीक शब्दाचे वारा आणि आत्मा असे दोन्ही अर्थ आहेत व सगळे वाक्य त्या श्लेषावर उभे आहे. मराठी अनुवादाला दोन शब्द वापरावे लागतात : ‘वारा पाहिजे तिकडे वाहतो’ आणि पुढे ‘आत्मा’. श्लेष गेला. पण मराठी बोलीत ‘अंगात वारं येणं’ म्हणजे संचार होणे. म्हणजे पुस्तकी मराठीत हरवलेला दुवा ऐकणाऱ्याच्या कानात आयता असतो, आणि नेमका त्यामुळे धोकाही. पवित्र आत्मा म्हणजे अंगात येणारे आणखी एक वारे, असा अर्थ लागू शकतो. उपदेशकाने हा दुवा वापरायचा की टाळायचा, यावर सेवाशाखेचा आख्खा प्रबंध होऊ शकतो. टाळण्यापेक्षा तो उघड मांडून फरक सांगणे श्रेयस्कर, कारण ऐकणारा तो दुवा मनात जोडतोच.

प्रबंध व क्षेत्रकार्य : पहिल्या वर्षी विषयांचे पेपर आणि दुसऱ्या वर्षी प्रबंध अशी वाटणी असते. विषय फार मोठा घेणे ही सर्वांत सामान्य चूक. ‘खानदेशातील आदिवासी मंडळ्या’ हा विषय होत नाही, ‘नवापूर तालुक्यातील तीन मंडळ्यांमधील अंत्यविधी’ हा होतो. दुसरी चूक वेळापत्रकाची. नाताळची सुटी मुलाखतींसाठी सोयीची वाटते, पण दिवाळीनंतर नंदुरबारच्या पाड्यांवरची बरीच माणसे ऊसतोडीला गुजरातेत किंवा पश्चिम महाराष्ट्रात गेलेली असतात. गावात राहतात म्हातारी व लहान मुले, आणि त्यांच्यावरून काढलेला निष्कर्ष एका बाजूला कलतो. होळीला लोक परततात. होळी ते पहिला पाऊस हा काळ उत्तम. त्यातही मोहाची फुले पडत असताना पहाटे कोणी भेटत नाही, तेव्हा दुपार धरावी.

ध्वनिमुद्रणाच्या एका तासाला लेखनासाठी चार ते सहा तास लागतात. मावचीतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत जायचे असेल तर दुप्पट. या दुहेरी अनुवादात मधली मराठी बरेच काही गिळते. देव, पाप, आत्मा हे शब्द मराठी दुभाष्याच्या तोंडून आले की मूळ बोलणाऱ्याने कोणता शब्द वापरला हे कळेनासे होते. उपाय साधा आहे : मूळ शब्द देवनागरीत तसाच ठेवावा, अर्थ परिशिष्टात द्यावा. भिल्ली व खानदेशी बोलींसाठी ग्रिअर्सन यांच्या भाषा सर्वेक्षणाचा नववा खंड, भाग ३ (१९०७) अजूनही हाताशी ठेवण्यासारखा आहे. त्यातील नमुने मात्र सरकारी कर्मचाऱ्यांमार्फत गोळा झालेले असल्याने जपून वापरावेत. त्यांत एक गंमत आहे : त्या सर्वेक्षणाचा ठरावीक नमुना म्हणजे लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राचा दाखला (बोधकथा). ईश्वरविज्ञानाच्या विद्यार्थ्याला त्यामुळे शंभराहून अधिक वर्षांपूर्वीचा एक बायबल-अनुवाद आयताच मिळतो.

पदवी आणि दीक्षा : एम.टीएच. झालेला आपोआप पाळक होत नाही. दीक्षा (पाळकपदाचा अधिकार) मंडळी देते. १८७२ च्या भारतीय ख्रिस्ती विवाह कायद्यानुसार विवाह लावण्याचा अधिकारही दीक्षेने किंवा सरकारी परवान्याने मिळतो, पदवीने नव्हे. उलट अनेक गावांत बायबल शाळेचे प्रमाणपत्र असलेला पाळकच वर्षानुवर्षे सेवा करतो, आणि पुण्याहून परतलेल्या तरुणाला त्याच्या हाताखाली काम करावे लागते. तेथे पहिला खटका उपदेशाच्या भाषेवरून उडतो.

कॅथलिक परंपरा : धुळे, जळगाव व नंदुरबार हे जिल्हे १९८७ मध्ये स्थापन झालेल्या नाशिक धर्मप्रांतात येतात. उच्च शिक्षणाचे जवळचे केंद्र पुण्याचे ज्ञानदीप (पूर्वीचे ज्ञानदीप विद्यापीठ). ते १८९३ मध्ये श्रीलंकेत कँडी येथे सुरू झाले व १९५५ मध्ये पुण्यात आले. येथे ‘लायसेन्शिएट’ ही पदवी एम.टीएच.च्या तोडीची मानली जाते. संस्कारशास्त्रातील एक मुद्दा खानदेशात विशेष चर्चिण्याजोगा आहे : कॅथलिक धर्मविधीच्या कायद्यानुसार (कलम ९२४) मिस्सेची (कॅथलिक उपासनाविधीची) भाकर केवळ गव्हाची व ताजी असावी लागते, ज्वारी-बाजरीच्या मुलखातही. प्रोटेस्टंट मंडळ्यांत प्रभुभोजनासाठी असे जागतिक बंधन नाही.

संशोधन पदव्या : एम.टीएच.नंतर डी.टीएच. (डॉक्टर ऑफ थिऑलॉजी) हा मार्ग. सेवेत असलेल्या पाळकांसाठी डी.मिन. (डॉक्टर ऑफ मिनिस्ट्री) आहे, त्यात स्वतःच्या मंडळीतील एखाद्या प्रश्नावर प्रकल्प करावा लागतो.