चेक की काउंटर? पोकेमॉनची टीम बांधताना होणारी गल्लत

पोकेमॉन या व्हिडिओ गेममध्ये सहा पोकेमॉनची टीम तयार झाली की बहुतेक नवे खेळाडू स्वतःलाच प्रश्न विचारतात: समोरून गारचॉम्प आला तर? उत्तर तयार असतं, आपल्याकडे वीव्हाइल आहे. ड्रॅगन-ग्राउंड टाइपच्या (प्रकाराच्या) गारचॉम्पला आइस मूव्ह (बर्फाचा हल्ला) चौपट लागते, वीव्हाइलचा वेगही जास्त, म्हणजे काळजी मिटली. प्रत्यक्ष लढाईत मात्र तोच गारचॉम्प अर्धी टीम साफ करतो. वीव्हाइल टीममध्ये असूनही असं होतं, कारण तो गारचॉम्पचा चेक आहे, काउंटर नाही.

हरवतात दोघेही. फरक आहे तो मैदानात येण्याचा. काउंटर समोरच्याच्या हल्ल्यावर थेट स्विच होऊन (मैदानातल्या आपल्या पोकेमॉनची जागा घेऊन) येतो, तो मार पचवतो आणि तरीही लढत जिंकतो. चेकला आधी कुणीतरी वाट करून द्यावी लागते. आपला एखादा पोकेमॉन बाद झाला की त्याच्या जागी तो फुकटात येतो, नाहीतर यू-टर्नसारख्या, मारून लगेच जोडीदाराला जागा देणाऱ्या मूव्हच्या आडून, नाहीतर प्रतिस्पर्ध्याची चाल अचूक ओळखून. एकदा समोर उभा राहिला की काम चोख करतो, पण तिथवर पोहोचण्याची किंमत टीमने मोजलेली असते.

सिंगल्समध्ये (एकास एक लढतीत), लेव्हल 100 वर हे आकड्यांत पाहू. जॉली नेचरचा (वेग वाढवणाऱ्या स्वभावाचा), अटॅक आणि स्पीड पूर्ण वाढवलेला गारचॉम्प अर्थक्वेक ही ग्राउंड मूव्ह मारतोय आणि तुम्ही त्यावर वीव्हाइल आणलात, तर साधारण 82 ते 97 टक्के एचपी (जीवशक्ती) एका फटक्यात जातो. मैदानात स्टेल्थ रॉक (आत येणाऱ्याला लागणारे दगड) असेल तर येतानाच आणखी 25 टक्के जातात, म्हणजे वीव्हाइल संपला. तोच वीव्हाइल सुखरूप आला तर त्याचा स्पीड 383 आणि गारचॉम्पचा 333. आयसिकल क्रॅश ही आइस मूव्ह लागली की खेळ खलास. पण गारचॉम्पने चॉइस स्कार्फ (स्पीड दीडपट करणारी वस्तू) घातला असेल तर त्याचा स्पीड होतो 499. मग वीव्हाइलच्या हाती उरतो आइस शार्ड, जो स्पीड न बघता आधी लागतो. एवढ्यावर निर्धास्त होऊ नका. वीव्हाइलकडे ताकद वाढवणारी वस्तू नसेल तर पूर्ण एचपीच्या गारचॉम्पला आइस शार्ड 74 ते 87 टक्केच लागतो. आधी कुणीतरी त्याला थोडं जखमी केलेलं असावं लागतं. इतक्या ‘जर-तर’वर उभं असलेलं उत्तर म्हणजे चेक.

आता स्कारमोरी घ्या. स्टील-फ्लाइंग असल्याने अर्थक्वेक त्याला लागतच नाही, ड्रॅगन मूव्हचा परिणाम अर्धा होतो. एचपी आणि डिफेन्स पूर्ण वाढवलेल्या स्कारमोरीला स्वॉर्ड्स डान्स (अटॅक दुप्पट करणारी मूव्ह) केलेल्या गारचॉम्पचा स्टोन एजसुद्धा, क्रिटिकल हिट (नशिबाने बसणारा जादा जोराचा फटका) नसेल तर, 37 ते 44 टक्क्यांच्या आसपासच जातो. मग व्हर्लविंडने गारचॉम्प बाहेर फेकला जातो, त्याने वाढवलेला अटॅक वाया जातो, आणि पुढे संधी मिळाली की रूस्टने स्कारमोरी पुन्हा ताजातवाना. कुणाचा बळी द्यावा लागला नाही.

असं असेल तर सहाच्या सहा काउंटरच का घेऊ नयेत? मला हा मोह चुकीचा वाटतो. काउंटर बहुतेक वेळा मार खाणारे, सोसणारे असतात, समोरच्यावर त्यांचा धाक नसतो. अशा टीमसमोर प्रतिस्पर्धी निवांतपणे स्टेल्थ रॉक आणि स्पाइक्स पसरतो आणि प्रत्येक स्विचला तुमचा एचपी झिजत राहतो. आणि काउंटर हा काही कायमचा नसतो. वस्तू पाडणाऱ्या नॉक ऑफने लेफ्टओव्हर्स ही वस्तू गेली की दर वळणाला परत मिळणारा एचपी थांबतो. त्याहून वाईट म्हणजे मॅग्नेझोन. त्याची मॅग्नेट पुल ही अंगभूत अॅबिलिटी स्टील टाइपला स्विच करून बाहेर पडू देत नाही. स्कारमोरी तिथे अडकला, इलेक्ट्रिक मूव्हने गेला, की गारचॉम्पला मैदान मोकळं. अनुभवी खेळाडू गारचॉम्पसोबत मॅग्नेझोन उगाच आणत नाहीत.

म्हणून संतुलित टीममध्ये मी दोन-तीन सर्वांत घातक पोकेमॉनसाठी खरा काउंटर ठेवतो आणि बाकीच्यांसाठी दोन-दोन चेक. त्यात एक पथ्य पाळायचं: दोन्ही चेक एकाच कारणाने पडणारे नसावेत. वीव्हाइल आणि मॅमोस्वाइन ही जोडी गारचॉम्पसाठी छान दिसते, दोघांकडे आइस शार्ड आहे. पण सायझरचा बुलेट पंच हा स्टील हल्ला दोघांनाही दुप्पट लागतो. एका सायझरने तुमचे दोन्ही उपाय निकालात काढले, मग ते दोन कसले? त्यापेक्षा वीव्हाइलसोबत अगदी वेगळ्या टाइपचा, वेगळ्या पद्धतीने गारचॉम्पला रोखणारा कुणीतरी हवा.

2022 मध्ये आलेल्या स्कार्लेट आणि व्हायोलेट या पोकेमॉन गेम्सनी तर चेक-काउंटरमधली ही रेघ आणखी पुसट केली. टेरास्टलायझेशनने लढाईत एकदा टाइप बदलता येतो. स्वॉर्ड्स डान्सनंतर टेरा फायर (म्हणजे फायर टाइपचा) झालेल्या गारचॉम्पचा फायर फँग त्याच भक्कम स्कारमोरीला साधारण 72 ते 86 टक्के लागतो. स्कारमोरी आधीच थोडा झिजलेला असेल तर तो गेलाच. त्यामुळे मी आता काउंटरलासुद्धा एखादा चेक जोडीला देतो, आणि समोरच्याचा टेरा खर्च होईपर्यंत काउंटरचा एचपी जपतो.

हे सगळं सिंगल्सचं. अधिकृत जागतिक स्पर्धा डबल्समध्ये (दोनास दोन) होतात, सहापैकी चारच पोकेमॉन उतरवायचे असतात. तिथे थेट स्विच होऊन मार खाणारा काउंटर फारसा कामी येत नाही, कारण एकाच वळणात दोघेही त्याच्यावर तुटून पडू शकतात. संरक्षण जोडीदाराकडून येतं. 2014 मध्ये वॉशिंग्टनला दक्षिण कोरियाच्या पार्क से-जुनने विश्वविजेतेपद मिळवलं ते टीममध्ये पाचिरिसू घेऊन. तो फॉलो मी करून समोरच्यांचे हल्ले स्वतःकडे ओढायचा, आणि व्होल्ट अॅब्सॉर्बमुळे इलेक्ट्रिक मूव्हने त्याचा एचपी उलट वाढायचा. टीममधल्या ग्याराडोसला ज्या इलेक्ट्रिक हल्ल्यांचं भय, तेच पाचिरिसूच्या पथ्यावर पडायचे. आकडे बघितले तर पाचिरिसू कुणाचाच काउंटर नाही. शेजारी ग्याराडोस उभा असताना मात्र त्याच्या जागी दुसरा कुणी चालला नसता.