आधी हात, मग अक्षर

बालवाडीतून परतलेल्या मुलाला आई विचारते, "आज काय शिकवलं?" मूल सांगतं, "मणी ओवले." दुसऱ्या दिवशी ते रेघेवरून चाललेलं असतं, तिसऱ्या दिवशी चिंचोके निवडलेले असतात. आठवड्याभरात आई बाईंना गाठते: अ-आ-इ कधी घेणार? बाई म्हणतात, "आधी हात तयार होऊ द्या." हे उत्तर आता इतकं सरावाचं झालंय, की त्यालाही काही इतिहास असेल असं वाटत नाही. पण आहे, आणि तो सुरू होतो 'हे मूल शिकण्यातलं नाही' म्हणून सोडून दिलेल्या मुलांपासून.

1800 साली फ्रान्समधल्या आव्हेराँ भागात रानात वाढलेला एक मुलगा माणसांच्या हाती लागला. वय अकरा-बारा, बोलणं शून्य. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतला तरुण डॉक्टर झाँ इतार त्याला शिकवू लागला. मुलाचं नाव ठेवलं व्हिक्टर. त्याला गरम-थंडाचीही पर्वा नव्हती; उकळत्या पाण्यातले बटाटे तो सरळ हाताने काढी. म्हणून इतारने शिकवण्याची सुरुवात अक्षरांनी न करता ऊन पाण्याच्या आंघोळींनी केली. मग भांड्यात चेस्टनट आणि ओकची फळं घालून, न बघता नुसत्या स्पर्शाने कुठलं काय ते ओळखायला लावलं. पुढे धातूची अक्षरं जुळवून 'दूध' हा फ्रेंच शब्द मांडण्यापर्यंत व्हिक्टर पोचला. बोलायला मात्र तो शिकला नाही, आणि काही वर्षांनी इतारने हात टेकले. प्रयोग फसला, आधी स्पर्श, मग नजर, मग अक्षर हा क्रम तेवढा मागे उरला.

तो उचलला इतारचाच शिष्य एदुआर सेगँ याने. मतिमंद म्हणून वेड्यांच्या इस्पितळात ठेवलेल्या मुलांसाठी त्याने स्नायू आणि ज्ञानेंद्रियांच्या पद्धतशीर व्यायामांची मालिका बसवली. अर्धशतकानंतर रोममधली एक डॉक्टर अशाच मुलांसाठी काम करताना इतार-सेगँची पुस्तकं इटालियनमध्ये अक्षरशः हाताने उतरवून घेत होती. ती मारिया माँटेसरी. तिच्या हाताखालची काही मुलं सर्वसाधारण मुलांच्या परीक्षेत उत्तीर्ण झाली तेव्हा लोकांनी कौतुक केलं. माँटेसरीला भलताच प्रश्न पडला: ही मुलं इथवर येतात, मग शाळेतली धडधाकट मुलं इतकी मागे का?

6 जानेवारी 1907 रोजी रोमच्या सान लोरेन्झो या गरीब वस्तीत तिचं पहिलं बालगृह उघडलं. आपल्याकडच्या माँटेसरी वर्गात दिसणारा गुलाबी मनोरा म्हणजे 1 ते 10 सेंटिमीटर बाजूचे दहा लाकडी ठोकळे. दट्ट्यांच्या पेटीत प्रत्येक दट्ट्या आपापल्याच भोकात बसतो. चुकलं तर शेवटी एक दट्ट्या उरतो आणि मुलाला कुणी न सांगता चूक कळते. दट्ट्याची मूठ धरताना जी तीन बोटं लागतात तीच उद्या पेन्सिल धरणार असतात. आणि खरखरीत कागदाची अक्षरं: मूल बोट फिरवतं, तोंडाने उच्चार करतं.

इथे मराठी वाचकाला धूळपाटी आठवणारच. पंतोजींच्या शाळेत पाटीवर धूळ पसरून बोटाने 'ओनामा' काढायची रीत माँटेसरीच्या कितीतरी आधीची. पण दोन्ही एकच म्हणणं हा अभिमानाचा भाग झाला. पंतोजींना घोटून घ्यायचं होतं, आणि न घोटणाऱ्यासाठी छडी होती. मुलाचा हात केव्हा तयार होतो याची वाट पाहणं ही गोष्ट नवी होती.

ती मराठीत आणली ताराबाई मोडकांनी. भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेकांचं बालमंदिर 1920 पासून चालू होतं. ताराबाई तिथे गेल्या आणि 1926 मध्ये नूतन बालशिक्षण संघ उभा राहिला. दादरला शिशुविहार झालं. खुद्द माँटेसरी 1939 मध्ये मद्रासच्या अड्यारला आल्या आणि महायुद्धामुळे 1946 पर्यंत भारतात राहिल्या. साधनं मात्र महागच. रंधा मारून, रंग देऊन, मापात बसवलेली पेटी खेड्यातल्या शाळेला कुठून परवडणार?

1945 मध्ये ताराबाई डहाणूजवळच्या बोर्डीला गेल्या, सोबत अनुताई वाघ. मला या साऱ्या इतिहासातला सगळ्यात मोलाचा टप्पा हाच वाटतो, आणि जगाच्या पुस्तकांत त्याला जेमतेम एखादी ओळ मिळते. शिंपले, खडे, बिया, पानं, काटक्या, माती हीच साधनं झाली. लहान-मोठा खडा, खरखरीत-गुळगुळीत पान, जड-हलकी बी: इंद्रियशिक्षणाचं तत्त्व तेच, खर्च नाही. वस्तीतली मुलं बालवाडीत येईनात, तर बालवाडी त्यांच्या अंगणात भरवली. 'अंगणवाडी' या कल्पनेचं मूळ इथलं. पुढे कोसबाडच्या टेकडीवर वारली मुलांबरोबर काम सुरू झालं. गुरं राखणारी मुलं शाळेत येणार कशी? मग कुरणशाळा: गुरं चरतात तिथेच शिकायचं. झाडावर सरसर चढणाऱ्या, दगड नेमका मारणाऱ्या मुलाला 'स्नायूविकास' शिकवायची गरज नव्हतीच. त्याच्या हातात जे होतं तिथून अक्षरापर्यंत वाट काढायची होती. 2 ऑक्टोबर 1975 ला केंद्राची एकात्मिक बालविकास सेवा योजना 33 प्रकल्पांत सुरू झाली आणि अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. पुष्कळ ठिकाणी शब्द पोचला, खडे-शिंपले मागेच राहिले.

दरम्यान अमेरिकेत प्रयोगशाळांना हाच विषय सापडला होता. 1960 मध्ये एलिनॉर गिब्सन आणि रिचर्ड वॉक यांनी काचेखाली खोल दरी दिसेल असं टेबल बनवलं. रांगत्या 36 बाळांपैकी फक्त तिघं खोल बाजूच्या काचेवर गेली, आई पलीकडून बोलवत असूनही. 1963 मध्ये रिचर्ड हेल्ड आणि ॲलन हाइन यांनी अंधारात वाढवलेल्या मांजरीच्या पिल्लांच्या जोड्या एका फिरत्या दांडीला जोडल्या. एक पिल्लू स्वतःच्या पायांनी चाले, दुसरं टोपलीत बसून फिरे. दोघांना दिसायचं सारखंच. पण टोपलीतल्या पिल्लाला खोल-उथळ उमगेना, पृष्ठभाग जवळ आला तरी पंजा पुढे येईना. मोकळं फिरू दिल्यावर तेही सुधारलं. नुसतं दिसणं पुरत नाही, हलावं लागतं, हे याहून स्पष्ट क्वचितच कुणी दाखवलं असेल.

आणि मग उत्साह अंगाशी आला. हालचाल सुधारली की वाचनही सुधारेल, या आशेने नेवेल केफार्टने वाचनात मागे पडणाऱ्या मुलांना तोल सांभाळत फळीवरून चालायला लावलं. मारियान फ्रॉस्टिगने दृष्टिबोधाची चाचणी काढली आणि जोडीला सरावाच्या वह्या आल्या. फिलाडेल्फियात डोमन आणि डेलाकाटो मुलांचे हातपाय धरून रांगण्याच्या हालचाली करवून घेऊ लागले. याने मेंदूची वाढ सुधारते, या त्यांच्या दाव्याबद्दल अमेरिकन बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेला सावधगिरीचा इशारा द्यावा लागला. 1983 मध्ये केनेथ कॅव्हेल आणि डेनिस मॅटसन यांनी अशा प्रशिक्षणावरचे 180 अभ्यास एकत्र तपासले. वाचन-गणितावर परिणाम जवळपास शून्य. ज्या हालचाली-नजरेच्या कसबांचा सराव घेतला, त्यांवरही फारसा नाही. 'मेंदूचा व्यायाम' या नावाने आजही पालकांना जे विकलं जातं त्यातलं बरंच या 180 अभ्यासांच्या पलीकडे गेलेलं नाही.

बाईंचं उत्तर त्यामुळे खोटं ठरत नाही, पण 'हात तयार' म्हणजे कशासाठी तयार, हे विचारावं लागतं. 2012 मध्ये कॅरिन जेम्स आणि लॉरा एंगेलहार्ट यांनी अजून वाचू न लागलेल्या मोजक्या मुलांना अक्षरं तीन प्रकारे दिली: स्वतः काढायची, गिरवायची, कळफलकावर दाबायची. नंतर ती अक्षरं बघताना वाचनाशी संबंधित मेंदूचा भाग जागा झाला तो मुख्यतः स्वतः काढलेल्या अक्षरांना. गिरवणंही मागे पडलं. संशोधकांचा तर्क असा, की मुलाने काढलेलं अक्षर दरवेळी वेगळं, वेडंवाकडं येतं, आणि त्या वेडेवाकडेपणातूनच अक्षराचा गाभा ओळखू येतो. ती अक्षरं रोमन होती, दोन-चार रेघांची. आपल्या लिपीत शिरोरेघ आहे, मात्रा वर, उकार खाली, वेलांटी कधी मागे तर कधी पुढे.