रेड मदरबोर्डची म्हणायची, राबतो मात्र सीपीयूच

बोर्डाच्या खोक्यावर 'रेड सपोर्ट' छापलेलं दिसलं की वाटतं चला, वेगळ्या रेड कार्डाचे पैसे वाचले, आता डिस्कचं सगळं बोर्डच बघेल. बघत नाही हो!

मुळात रेड म्हणजे काय, तर १९८८ मध्ये बर्कलीच्या पॅटरसन, गिब्सन आणि काट्झ या तिघांनी मांडलेली आयडिया, की एका महागड्या मोठ्या डिस्कऐवजी बऱ्याच स्वस्त डिस्क एकत्र जुंपायच्या आणि एखादी गेली तरी डेटा वाचला पाहिजे. रेड १ मध्ये सरळ दोन डिस्कवर तेच लिहायचं, यालाच मिरर म्हणतात. रेड ५ मध्ये सम-विषमचा हिशोब असतो, म्हणजे तीन डिस्क असतील तर दोघींवर डेटा आणि तिसरीवर असा बिट, की तिन्हीतले १ मोजले तर संख्या समच यावी (ही तिसरीची पाळी फिरती असते). मग कुठलीही एक मेली तरी उरलेल्या दोघींवरून तिचा बिट काढता येतो.

तर हा हिशोब करायचा कोणी? महागड्या रेड कार्डावर त्यासाठी स्वतःचा प्रोसेसर असतो, बॅटरीवाली कॅशे, म्हणजे तात्पुरती मेमरी असते. साध्या बोर्डावर यातलं काहीच नसतं. बायॉसमधला (मशीन चालू करताच आधी धावणाऱ्या बोर्डातल्या सॉफ्टवेअरमधला) छोटासा प्रोग्राम मशीन सुरू होईपर्यंत दोन डिस्क एक असल्याचं भासवतो, पुढे ड्रायव्हर ते काम सीपीयूकडूनच करून घेतो, म्हणजे हीसुद्धा सॉफ्टवेअर रेडच झाली की, म्हणून तर लोक हिला फेक रेड म्हणतात. गंमत म्हणजे इंटेलच्या बोर्डावर बांधलेली रेड लिनक्सवर चालवली तर ती चालवणारा कोड लिनक्सचा स्वतःचाच, एमडी नावाचा.

मग फरक कुठे पडतो? बोर्ड बदलताना, कारण बोर्डवाली रेड त्या बोर्डाच्या बायॉस सेटिंगला बांधलेली असते. ओळखीतल्या एका ऑफिसात तर बोर्डही बदलला नव्हता, नुसता बोर्डावरचा बटण सेल संपला, बायॉस सेटिंग मूळपदावर आली, रेड मोडचं एएचसीआय (डिस्क सुट्या सुट्या दाखवणारा साधा मोड) झालं आणि सोमवारी सकाळी विंडोज चालूच होईना. मोड परत बदलल्यावर सुरू झालं, पण तोवर अर्धा दिवस गेला. लिनक्सच्या एमडीत मांडणीची माहिती डिस्कवरच असते, दुसऱ्या कंपनीच्या बोर्डाला त्याच डिस्क लावा, बहुतेक वेळा आपोआप जुळतात.

बोर्डवाल्या रेडचा एक फायदा मात्र मानायला हवा, बूटचा, म्हणजे मशीन सुरू करणारा भागही मिरर होतो. लिनक्समध्ये बूटचं ईएफआय पार्टिशन दुसऱ्या डिस्कवर आपल्यालाच कॉपी करून ठेवावं लागतं आणि तेच नेमकं राहून जातं. विंडोजच हवं असेल आणि बूट डिस्क मिरर करायची असेल तर बोर्डाची वापरा, माझी काही हरकत नाही.

काहीही घ्या, ईमेल अलर्ट तेवढा लावा. एमडीच्या स्टेटसमध्ये दोन्ही डिस्क ठीक असल्या की 'यूयू' दिसतं, एक गेली की 'यू_'. ती रिकामी जागा कोणी बघितली नाही तर सर्व्हर एकाच डिस्कवर महिनोन्महिने मजेत चालत राहतो.