भरावाची माती पावसाआधी झाकावी लागते

इंदूरच्या बायपासला लागून, राऊच्या बाजूला आणि सुपर कॉरिडॉरच्या दोन्ही अंगांना गेली कित्येक वर्षे सखल जमिनी मुरूम टाकून उंच केल्या जात आहेत. कुठे नवी कॉलनी उभी राहायची असते, कुठे रस्त्याचा भराव चढवायचा असतो, कुठे गोदामासाठी सपाटी हवी असते. हे काम साधारण हिवाळ्यात सुरू होते आणि मे महिन्यात त्याला सर्वांत जास्त वेग येतो, म्हणजे पावसाला दोन-तीन आठवडे उरलेले असताना नव्याने टाकलेली, अर्धवट दाबलेली आणि पूर्ण उघडी माती तिथे सर्वाधिक असते. जूनमध्ये पहिल्या जोरदार सरी आल्या की रस्त्याकडेच्या नाल्यांतून जे तांबूस-काळे पाणी वाहते, त्यातला बराच भाग या भरावांवरून आलेला असतो.

हे पाणी पुढे जाते तरी कुठे? शहरातले नाले कान्ह आणि सरस्वती या दोन नद्यांना मिळतात. या दोघींचा संगम कृष्णपुऱ्याच्या छत्र्यांजवळ होतो आणि कान्ह पुढे उज्जैनजवळ क्षिप्रेला मिळते. पश्चिमेकडचा काही उतार सिरपूर तलावाकडे आहे, तर गंभीर नदीच्या खोऱ्यातले पाणी यशवंतसागरात साठते आणि तिथून ते इंदूरच्या नळांना येते. सिरपूर आणि यशवंतसागर या दोन्ही पाणथळ जागांना 2022 साली रामसर दर्जा, म्हणजे आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ जागा अशी मान्यता मिळाली. अशा उथळ जलाशयात दरवर्षी थोडा थोडा गाळ साचत गेला, तर त्याची साठवण कमी होते, गढूळ पाण्यात सूर्यप्रकाश खोलवर पोहोचत नसल्यामुळे पाणवनस्पती आणि त्यांच्यावर जगणारे मासे व पक्षी मागे हटतात, आणि पिण्याचे पाणी शुद्ध करण्याचा खर्च वाढतो.

एका हेक्टर जागेवरून फक्त एक मिलिमीटर जाडीचा थर वाहून गेला, तर ती दहा घनमीटर माती झाली. वजनात तिचे साधारण पंधरा टन भरतील, म्हणजे एक डंपर. एक मिलिमीटर कमी झालेला डोळ्यांना दिसत नाही. भरावावर प्रत्यक्षात ओघळी पडतात त्या बोटभर, वीतभर आणि कधी गुडघाभर खोल असतात. अमेरिकेच्या पर्यावरण संरक्षण संस्थेने दिलेला अंदाज असा, की बांधकामाच्या उघड्या जागेवरून वाहून जाणारा गाळ शेतजमिनीच्या तुलनेत दहा ते वीस पट असतो आणि जंगलाच्या तुलनेत एक हजार ते दोन हजार पट. आकडा प्रत्येक ठिकाणी बदलेल. पण ज्या जमिनीवरून गवत, मुळे आणि वरचा भुसभुशीत थर एकाच वेळी काढून घेतला आहे, तिचे असे होणे स्वाभाविक आहे.

मातीची धूप वाहत्या पाण्याने होते अशी आपली समजूत असते, पण तिची सुरुवात पाणी वाहू लागण्याच्या आधीच होते. वळवाच्या पावसातला पाच मिलिमीटर व्यासाचा थेंब जमिनीवर आदळतो तेव्हा त्याचा वेग सेकंदाला सुमारे नऊ मीटर, म्हणजे ताशी तीस किलोमीटरहून अधिक असतो. त्या आघाताने मातीचे ढेकूळ फुटते, कण सुटे होतात आणि अर्धा मीटरपर्यंत वर उडतात. नव्या भिंतीच्या तळाशी पावसानंतर जो चिखलाचा पट्टा दिसतो, तो याच उडालेल्या कणांचा असतो. उतारावर उडालेले कण वरच्या बाजूपेक्षा खालच्या बाजूला अधिक अंतरावर पडतात. शिवाय फुटलेले बारीक कण मातीच्या छिद्रांत जाऊन बसतात, पृष्ठभागावर पातळ पापुद्रा धरतो, पाणी मुरेनासे होते आणि मग ते वाहू लागते. एका हेक्टरवर पडलेला दहा मिलिमीटर पाऊस म्हणजे एक लाख लिटर पाणी. त्यातले निम्मे वाहिले तरी ते भरावाच्या कडेवरून कुठून तरी उतरणारच, आणि त्याला वाट करून दिलेली नसेल तर ते स्वतः वाट कोरते.

उताराची लांबी इथे फार महत्त्वाची ठरते. विश्माइअर आणि स्मिथ या अमेरिकी संशोधकांनी हजारो निरीक्षणांवरून धूप मोजण्याचे जे सूत्र 1965 साली मांडले, त्यात पावसाची तीव्रता, मातीची प्रकृती, उताराची लांबी व तीव्रता, जमिनीवरचे आच्छादन आणि केलेले उपाय यांचा गुणाकार असतो. तीव्र उतारावर लांबी दुप्पट झाली, तर दर चौरस मीटरची धूप साधारण 1.4 पट होते. क्षेत्रही दुप्पट झालेले असल्यामुळे एकूण माती जवळजवळ पावणेतीन पट जाते. म्हणूनच उंच भरावाच्या मध्यावर एक आडवा टप्पा सोडला, त्याला आतल्या बाजूला किंचित कल दिला आणि तिथे जमलेले पाणी बाजूच्या पक्क्या चरात सोडले, तर एका लांब उताराचे दोन आखूड उतार होतात. आच्छादनाचा गुणक तर याहून बोलका आहे: उघड्या जमिनीसाठी तो 1 धरतात, भुसकटाने नीट झाकलेल्या जमिनीसाठी तो एक दशांशाच्या आसपास येतो आणि दाट गवताखाली एक शतांशापर्यंत उतरतो. सूत्रातले पाऊस आणि माती हे दोन घटक आपल्या हातात नाहीत, पण सर्वांत मोठा फरक पाडणारा घटक पूर्णपणे आपल्या हातात आहे.

माळव्यात या प्रश्नाला एक वेगळी धार आहे, ती काळ्या मातीमुळे. सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या ज्वालामुखी उद्रेकांतून दख्खनचा जो बेसॉल्ट खडक तयार झाला, त्याचा माळव्याचे पठार हा एक भाग आहे. हा खडक अर्धवट झिजला की मुरूम मिळतो आणि पूर्ण झिजला की काळी माती. या मातीत चिकणमातीचे प्रमाण पुष्कळदा निम्म्याच्या आसपास असते आणि त्यातले मॉन्टमोरिलोनाइट हे खनिज पाणी शोषून फुगते, वाळल्यावर आकसते. मे महिन्यात तिला हात जाईल एवढ्या भेगा पडतात. भरावात अशी माती वर राहिली, तर पहिला पाऊस भेगांतून थेट आत शिरतो आणि उताराचा तुकडाच्या तुकडा खाली सरकतो. त्यामुळे काळी माती काढून मुरूम भरण्याची इथली पद्धत योग्यच आहे. फुगणाऱ्या मातीवर न फुगणाऱ्या मुरमासारख्या मातीचा दाबलेला थर दिला की तिचे फुगणे आटोक्यात राहते, हे मुंबई आयआयटीचे प्राध्यापक आर. के. कट्टी यांनी प्रयोगांनी दाखवून दिले होते.

पण काळ्या मातीचा खरा त्रास ती पाण्यात उतरल्यावर सुरू होतो. घरी एक प्रयोग करून पाहण्यासारखा आहे. काचेच्या उंच बरणीत मूठभर काळी माती घ्यावी, ती पाण्याने भरून झाकण लावून जोरात हलवावी आणि खिडकीत ठेवून द्यावी. एक-दोन मिनिटांत तळाशी वाळूचा खरखरीत थर बसतो. संध्याकाळपर्यंत त्यावर पोयट्याचा, म्हणजे वाळूहून बारीक पण चिकणमातीहून जाड कणांचा, मऊ थर दिसू लागतो. दुसऱ्या दिवशीही वरचे पाणी मात्र चहाच्या रंगाचेच असते. याचा हिशेब स्टोक्स या शास्त्रज्ञाने 1851 साली मांडलेल्या नियमातून मिळतो: कणाचा खाली बसण्याचा वेग त्याच्या व्यासाच्या वर्गाच्या प्रमाणात असतो. स्थिर पाण्यात एक मीटर खाली जायला 0.1 मिलिमीटरच्या वाळूच्या कणाला दोन मिनिटे पुरतात, 0.01 मिलिमीटरच्या पोयट्याच्या कणाला सुमारे तीन तास लागतात, 0.002 मिलिमीटरच्या चिकणमातीच्या कणाला तीन दिवसांहून अधिक आणि 0.001 मिलिमीटरच्या कणाला जवळपास तेरा दिवस. त्यातच चिकणमातीच्या कणांवर ऋण विद्युतभार असल्यामुळे ते एकमेकांना दूर ढकलतात आणि गोळा होऊन जड होत नाहीत.

याचा अर्थ असा, की भरावाच्या पायथ्याशी गाळ अडवण्यासाठी खड्डा खणला आणि काम झाले असे मानले, तर तो खड्डा वाळू पकडेल, पोयट्याचा काही भाग पकडेल, पण चिकणमाती बहुतेक सगळी त्यातून पुढे निघून जाईल. कारण जोरदार सरीत त्या खड्ड्यात पाणी काही तासच थांबते. म्हणून इंदूरसारख्या ठिकाणी सगळा भर माती जागेवरून हलू न देण्यावर असायला हवा आणि गाळ अडवण्याचे उपाय त्याच्या मागे दुसऱ्या फळीत उभे राहायला हवेत. प्रत्यक्षात बहुतेक ठिकाणी क्रम उलटा असतो, आणि याचे मला फार वाईट वाटते, कारण योग्य क्रमाला खर्चही कमी लागतो.

पहिली गोष्ट वरून येणाऱ्या पाण्याची. भरावाच्या चढाकडच्या शेतांतून किंवा रस्त्यावरून येणारे स्वच्छ पाणी भरावावर येऊच नये, यासाठी कामाच्या सुरुवातीलाच वरच्या अंगाला चर खणून ते बाजूने काढून द्यावे. भरावाच्या माथ्यावर कडेने हातभर उंचीचा मातीचा बांध घालावा आणि माथ्यावर पडलेले पाणी ठराविक ठिकाणी पाइपातून किंवा दगडी पन्हाळीतून पायथ्याशी उतरवावे. पाइपाच्या तोंडाशी दगड पसरलेले नसले, तर तिथेच खड्डा पडून भराव खालून पोखरला जातो. हा छोटासा दगडांचा ढीग अनेकदा विसरला जातो.

दुसरी गोष्ट दाबणीची. आर. आर. प्रॉक्टर या अमेरिकी अभियंत्याने 1933 साली दाखवून दिले, की प्रत्येक मातीसाठी एक ठराविक ओलावा असतो, ज्यात ती तेवढ्याच मेहनतीत सर्वाधिक घट्ट बसते. त्याहून कोरडी किंवा ओली असली तर तेवढी बसत नाही. मेच्या उन्हात टाकलेल्या कोरड्या मुरमावर टँकरने पाणी न मारता रोलर फिरवला, तर वरून सपाट दिसणारा भराव आतून सैल राहतो. मोठे थर एकदम टाकून वरून दाबणे हाही तसाच प्रकार आहे. उताराची बाजू तर पुष्कळदा दाबलीच जात नाही, कारण रोलर कडेपर्यंत जाऊ शकत नाही. यासाठी भराव आखणीपेक्षा थोडा रुंद करून दाबावा आणि मग बाजूची सैल माती छाटून काढावी.

छाटलेल्या उतारावर डोझर कसा फिरवला आहे, हे जवळ जाऊन पाहण्यासारखे असते. डोझर उतारावर वरखाली चालवला, तर त्याच्या पट्ट्यांच्या दातांचे ठसे आडवे उमटतात. प्रत्येक ठशात थोडे पाणी, थोडी माती आणि गवताचे बी अडकते. तोच डोझर उताराला आडवा चालवला, तर ठसे उभे उमटतात आणि पहिल्याच पावसात प्रत्येक ठशातून पाणी सरळ खाली धावते. यंत्र तेच, डिझेल तेवढेच; पण एका उतारावर पंधरा दिवसांत हिरवळ धरते आणि दुसऱ्यावर तेवढ्याच दिवसांत ओघळी पडतात.

आच्छादनासाठी लागणारा माल इंदूरच्या आसपास मुबलक आहे. गव्हाची कापणी झाल्यावर एप्रिलमध्ये शेतात उरलेली नरवाई, म्हणजे पिकाचे काड, मनाई असूनही अनेक ठिकाणी पेटवली जाते आणि त्याचा धूर शहरापर्यंत येतो. तेच काड हेक्टरी सुमारे पाच टन या प्रमाणात उतारावर पसरले, तर थेंबांचा मारा त्यावर पडतो, माती फुटत नाही, पाण्याचा वेग मंदावतो आणि खालचा ओलावा टिकतो. एकच अडचण असते ती वाऱ्याची: जूनच्या सुरुवातीच्या वाऱ्यात सुटे काड उडून जाते, म्हणून ते मातीत थोडे दाबावे लागते किंवा वरून काथ्याची जाळी अंथरून खुंट्यांनी पक्की करावी लागते. काथ्याची जाळी दोन-तीन वर्षांत कुजून मातीत मिसळते, तोवर गवताने उतार ताब्यात घेतलेला असतो. मुरमाच्या उतारावर गवत सहजी रुजत नाही. त्यासाठी काम सुरू करताना खरवडलेली वरची वीतभर काळी माती वेगळी रचून, झाकून ठेवावी आणि शेवटी उतारावर तिचा पातळ थर द्यावा. भरावात नको असलेली हीच माती हरळीसाठी उत्तम असते. उंच उतारांवर वाळ्याच्या आडव्या रांगा लावल्या, तर त्यांची मुळे दोन-तीन मीटर खोल जातात आणि रांगेमागे गाळ साचत जाऊन छोटे टप्पे आपोआप तयार होतात.

आता दुसरी फळी. पायथ्याशी लावायचे गाळरोधक कापड खुंट्यांना ताणून बांधले म्हणजे पुरत नाही; त्याची खालची कड किमान पंधरा सेंटिमीटर खोल चरात पुरून वर माती दाबावी लागते, नाहीतर सगळे पाणी खालून निघून जाते. ते समपातळीत लावावे आणि त्याची टोके चढाकडे वळवावीत. तीस मीटर कापडामागे साधारण हजार चौरस मीटरहून जास्त जमीन नसावी आणि त्याच्यामागे अर्ध्या उंचीपर्यंत गाळ आला की तो काढून घ्यावा. इमारतींना धुळीसाठी बांधतात ती हिरवी जाळी या कामाची नाही, कारण तिच्या छिद्रांतून चिकणमातीच काय, बारीक वाळूसुद्धा जाते. नाल्यात किंवा वाहत्या चरात हे कापड आडवे लावू नये, ते फाटते. तिथे दगडांचे छोटे बंधारे घालावेत आणि खालच्या बंधाऱ्याचा माथा वरच्या बंधाऱ्याच्या पायथ्याच्या पातळीत येईल एवढेच अंतर त्यांच्यात ठेवावे.

मोठ्या जागेवर गाळ-तळे लागतेच. हेक्टरी सुमारे अडीचशे घनमीटर साठवण हे एक रूढ माप आहे. तळे रुंदीच्या किमान दुप्पट लांब असावे, पाणी एका टोकाने येऊन दुसऱ्या टोकाने जावे आणि तेही तळातून नव्हे, वरच्या निवळलेल्या थरातून. पाणी तरीही गढूळ राहिले, तर जिप्सम टाकता येते: त्यातल्या कॅल्शियममुळे कणांना एकमेकांपासून दूर ढकलणारा विद्युत जोर कमी होतो, ते एकत्र येतात आणि लवकर खाली बसतात.

डंपरच्या चाकांनी बाहेर जाणारी मातीही कमी नसते. फाटकापाशी पंधरा मीटर लांबीवर मोठी खडी पसरली, तर बरीचशी माती तिथेच झडते आणि रस्त्यावर येऊन पहिल्या पावसात नालीत जात नाही.

हे सगळे टप्प्याटप्प्याने करता येते आणि तसेच करायला हवे. पूर्ण वीस एकर एकदम उघडे करण्यापेक्षा पाच एकर उघडून, भरून, दाबून आणि झाकून मग पुढच्या पाच एकरांना हात घालावा, आणि जे काम जूनच्या दुसऱ्या आठवड्यापर्यंत झाकून होणार नाही, ते उकरूच नये. पावसाळ्यात प्रत्येक मोठ्या सरीनंतर एका माणसाने पायथ्याने चालत जाऊन फाटलेले कापड, फुटलेला बांध आणि नव्याने पडलेली ओघळ पाहावी. बोटभर ओघळ त्याच दिवशी फावड्याने बुजते, महिन्याभराने त्याच जागी जेसीबी आणावा लागतो. पायथ्याचे कापड आणि तळे काढायचे ते उतारावर किमान सत्तर टक्के जागा गवताने सर्वत्र सारखी झाकली गेल्यावरच. माळव्यात एका पावसाळ्यात ते क्वचितच साधते, म्हणून कंत्राटात दुसऱ्या पावसाळ्याची देखभाल पहिल्यापासूनच धरलेली असावी.